साखर पेठेतला बंद कॉम्प्युटर आणि मार्क डीन यांनी मोकळी सोडलेली जागा

प्रकरण तसं छोटं आहे. सोलापुरात साखर पेठेत जेकार्डचे पुठ्ठे पंच करून देणारं एक घरगुती वर्कशॉप, तिथला बंद पडलेला जुना कॉम्प्युटर आणि माझी चार दिवसांची दुरुस्ती. पण त्या चार दिवसांत एका इंजिनिअरचं काम मला इतकं जवळून दिसलं, की नुसतं चरित्र वाचून ते कधीच दिसलं नसतं. त्या इंजिनिअरचं नाव मार्क डीन, अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीचा पहिला पीसी बनवणाऱ्या टीममधले. हार्डवेअरचं काम करणाऱ्या पोरांना यातला दुरुस्तीचा भाग उपयोगी पडेल, बाकीच्यांनी डीन यांच्यासाठी वाचावं.

अण्णांचं वर्कशॉप

वर्कशॉपच्या मालकांना सगळी पेठ अण्णा म्हणते, मीही तेच म्हणतो. घर पद्मशाली, घरात तेलुगू, दारात मराठी. आजोबा हातमागावर, वडील पॉवरलूमवर, आणि अण्णा पंचिंगमध्ये.

पंचिंग म्हणजे काय ते आधी सांगतो. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी छापलेली नसते, ती विणलेली असते. प्रत्येक बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, ताण्याचे म्हणजे उभे कुठले धागे उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे, यावर नक्षी उठते. हे धागे निवडायचं काम मागावर बसवलेलं जेकार्ड करतं, आणि जेकार्डला हुकूम देतो भोकं पाडलेला जाड पुठ्ठा. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि हुक धाग्याला घेऊन वर उठतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एका बाण्याला एक पुठ्ठा, त्यामुळे एका नक्षीला शेकडो पुठ्ठे लागतात. ते दोऱ्याने एकमेकांत ओवून त्यांची माळ केली की मागावर चढते.

अण्णांचे वडील हे पुठ्ठे ‘पियानो’ मशीनवर हाताने पाडायचे. समोर ग्राफ, त्यातला एकेक चौकोन वाचायचा आणि बोटांनी कळा दाबायच्या. एक चौकोन चुकला तर चादरीवर त्या जागी डाग दिसावा तशी चूक उमटायची, आणि ती थेट कारखानदाराच्या नजरेला पडायची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांत आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलेत, तिथे पुठ्ठा लागतच नाही. पेठांमधल्या छोट्या कारखान्यांत मात्र जुनी जेकार्डं चालू आहेत, आणि त्यांना पुठ्ठे पुरवणारे अण्णांसारखे मोजके लोक उरलेत. अण्णांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सेकंडहँड ऑटोमॅटिक पंचिंग मशीन घेतलं. डिझाईन कॉम्प्युटरवर तयार करायचं, बटण दाबायचं, मशीन भोकं पाडत जातं. जमिनीवर कागदाच्या बारीक गोल टिकल्यांचा सडा पडतो. अण्णांच्या घरी चपलेला, केसांना, कधी चहाच्या कपालाही त्या टिकल्या चिकटलेल्या असतात.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. चादरींच्या ऑर्डरी सुरू झालेल्या. एका संध्याकाळी वळवासारखा पाऊस आला, लाईट दोनदा गेली-आली, आणि कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच.

माझ्याआधी एकाने येऊन पाहिलं होतं. त्याने सांगितलं, हे भंगारात घाला, नवीन मशीन घ्या. नवीन मशीनचा आकडा ऐकून अण्णांनी दोन दिवस दुकानाचं शटर अर्धं खाली ठेवलं. मग मला फोन आला. “भाऊ, एकदा येऊन बघून जा की ओ. नाय झालं तर नाय झालं.”

पहिले दोन दिवस

कॅबिनेट उघडलं. आत पेन्टियम थ्रीच्या काळातला मदरबोर्ड, त्यावर पांढरे पीसीआय स्लॉट आणि कडेला एकच काळा, लांबलचक स्लॉट. त्या काळ्या स्लॉटमध्ये पंचिंग मशीनचं कंट्रोल कार्ड बसवलेलं. ते पाहिल्यावर आधीच्या माणसाने भंगार का म्हटलं ते कळलं. हा काळा स्लॉट आयएसए, जुन्या पीसीत जादा कार्ड बसवायची जागा. आजच्या कुठल्याही दुकानातल्या मदरबोर्डवर तो मिळत नाही. मदरबोर्ड गेला म्हणजे कार्ड लावायला जागाच नाही. कार्ड नाही तर मशीन म्हणजे नुसता लोखंडाचा सांगाडा.

यूएसबीचं काही कन्व्हर्टर लावता येईल का, असं अण्णांच्या मुलीने विचारलं. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डिझाईनचं बरंचसं काम आता तीच करते. अशा जुन्या कामात ते जमत नाही, कारण हे सॉफ्टवेअर विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालतं आणि कार्डाच्या पत्त्यावर थेट लिहितं. मधे ड्रायव्हर नाही, विंडोज नाही. यूएसबीच्या वाटेने तो पत्ता त्या सॉफ्टवेअरला सापडणारच नाही.

मदरबोर्ड मात्र मेलेला नव्हता. प्रोसेसरच्या शेजारचे चार कपॅसिटर फुगलेले होते, एकाच्या डोक्यावर तपकिरी खपली धरलेली. त्या काळातल्या खूप बोर्डांना हा रोग होता. कपॅसिटर बदलले, कार्डाच्या कडेचे सोनेरी संपर्क खोडरबरने घासून स्वच्छ केले, बटण दाबलं. एक बीप आला आणि डिस्प्ले दिसला. अण्णांनी लगेच मार्कंडेयाला हात जोडले.

खरा घोळ त्याच्या पुढे होता. सॉफ्टवेअर सुरू झालं, डिझाईन लोड झालं, मशीनने पुठ्ठा आत ओढला, पहिल्या रांगेची भोकं बरोबर पाडली आणि थांबलं. स्क्रीनवर काही एरर नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पहिली रांग, पुन्हा थांबलं.

मी चुकीच्या वाटेला गेलो. मला वाटलं सॉलेनॉइड, म्हणजे विजेवर हलणारा दांडा, अडकतोय. मग वाटलं केबल तुटलीये. अख्खा दुसरा दिवस मल्टीमीटर घेऊन मशीनखाली टिकल्यांमध्ये लोळत काढला. सगळं ठीक होतं. पहिली रांग बिनचूक पडते म्हणजे तार आणि सॉलेनॉइड दोन्ही धड आहेत, हे मला पहिल्या तासातच कळायला हवं होतं.

३००–५

तिसऱ्या दिवशी कॅबिनेटचं झाकण लावताना मुलीला आतल्या बाजूला जुनी चिकटपट्टी दिसली. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: ३००–५. मशीन बसवायला आलेल्या फिटरने लिहून ठेवलं असणार. अण्णा म्हणाले, ती स्क्रूची साईज असेल. कार्डावरचे जंपर, म्हणजे नंबर निवडायच्या बारीक टोप्या, पाहिले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ३०० हा कार्डाचा पत्ता आणि ५ हा त्याचा आयआरक्यू.

पत्ता म्हणजे प्रोसेसरला कार्डाशी बोलायचं असेल तर कुठलं दार ठोठवायचं त्याचा नंबर. आयआरक्यू याच्या उलट. कार्डाला प्रोसेसरला काही सांगायचं असेल तर वाजवायची कडी. मशीनचं काम असं चालतं: सॉफ्टवेअर ३०० नंबरच्या दारातून सांगतं, ही रांग पाड. मशीन रांग पाडतं आणि ५ नंबरची कडी वाजवतं: झालं, पुढची द्या. आपल्याकडे हुकूम जात होता, रांग पडत होती, पण ‘झालं’ हा निरोप परत पोहोचत नव्हता. सॉफ्टवेअर बिचारं त्याची वाट पाहत बसलेलं.

खात्री करायला डॉसमधला डिबग नावाचा जुना प्रोग्राम उघडला आणि ३०० वरून वाचून पाहिलं. तिथे कुणीच नसेल तर एफएफ येतं. आपल्याला वेगळा आकडा आला. म्हणजे कार्ड जिवंत, दार बरोबर, कडीच कुणीतरी पळवलेली.

कुणी, ते बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डची सेटिंग ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये सापडलं. मदरबोर्डवरचा सेल कधीच संपला होता. आधीच्या माणसाने बहुतेक सगळी सेटिंग मूळपदावर आणून ठेवली होती. मूळपदावर म्हटलं की या बोर्डवरची ऑनबोर्ड साउंड सुरू, आणि ती साउंड ब्लास्टर या जुन्या साउंड कार्डाची नक्कल करायला ५ नंबरच घेऊन बसते. तिथे कुणी कधी स्पीकरही लावला नव्हता. साउंड बंद केली, ५ नंबर ‘लेगसी आयएसए’साठी राखून ठेवला, नवा सेल घातला, सेव्ह केलं. मशीनने पहिली रांग पाडली, दुसरी पाडली आणि थांबलंच नाही.

टिकल्यांचा सडा पुन्हा सुरू झाल्यावर मुलीने विचारलं, “काका, पण हे ३०० कुणी ठरवलं?”

मी म्हटलं, कार्ड बनवणाऱ्याने. ती म्हणाली, तसं नाही. त्याला हा नंबर मोकळा आहे हे कुणी सांगितलं?

प्रश्न इतका सरळ होता की मी खाली बसलो.

मोकळी जागा

आयबीएमचा पहिला पीसी, मॉडेल ५१५०, १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखाली एक छोटी टीम तो बनवत होती. मुदत जेमतेम वर्षभराची, त्यामुळे आयबीएमने कधी न केलेली गोष्ट केली: प्रोसेसर इंटेलचा, बाकीचे बरेच भाग बाजारातले, आणि यंत्राचा नकाशा गुप्त न ठेवता छापून विकायला ठेवला. टेक्निकल रेफरन्स नावाच्या त्या जाडजूड पुस्तकात सर्किटचे नकाशे होते, बायोसचा अख्खा प्रोग्राम छापलेला होता, आणि कुठला पत्ता कुणाचा याची यादीही होती. कीबोर्डचा अमुक, प्रिंटरचा तमुक. त्या यादीत सोळा-आधारी ३०० ते ३१एफ या पत्त्यांसमोर लिहिलेलं होतं: प्रोटोटाइप कार्ड. थोडक्यात, ही जागा आम्ही कुणालाच दिलेली नाही. तुम्ही काही नवीन बनवणार असाल तर ती तुमची.

कुठल्या तरी गावातल्या, पंचिंग मशीन बनवणाऱ्या एका कारागिराने पुढे कधीतरी ती रिकामी जागा घेतली, आणि ते मशीन फिरत फिरत साखर पेठेत आलं. बोका रॅटनमधल्या कुणाच्याही मनात सोलापुरी चादर नव्हती. त्यांना फक्त एवढं माहीत होतं, की आपल्याला न सुचलेलं काहीतरी कुणाला तरी या यंत्राला जोडायचं असेल.

ते जोडायची वाट ज्यांनी आखली त्यांच्यात सगळ्यात पुढचं नाव मार्क डीन. व्हॉट्सॲपवर त्यांचा फोटो टाकून ‘पीसीचा एकमेव जनक’ वगैरे संदेश फिरतात, ते बरोबर नाहीत. टीम डझनभर इंजिनिअरांची होती, आणि या बसचा, म्हणजे कार्डं आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या तारांच्या वाटेचा, मूळ आराखडा आयबीएमच्याच आधीच्या डेटामास्टर यंत्रावरून आलेला होता. पण पहिल्या पीसीच्या नऊ पेटंटांपैकी तीन पेटंटांवर डीन यांचं नाव आहे, आणि डेनिस मोलर यांच्याबरोबर बसचं नियंत्रण करणाऱ्या रचनेचं जे पेटंट त्यांना १९८५ मध्ये मिळालं, त्यासाठी दोघांना १९९७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. एवढं मोठेपण पुरेसं आहे. त्यात भर घालायची गरज नाही.

पीसी आला तेव्हा डीन यांचं वय २४.

जेफरसन सिटीतला मुलगा

जन्म २ मार्च १९५७, टेनेसी राज्यातलं जेफरसन सिटी. वडील टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या धरणावर कामाला. आपल्याकडे उजनीवरचा माणूस म्हणावं तसं. आजोबा शाळेचे मुख्याध्यापक. घरात यंत्रं आणि अभ्यास दोन्ही. डीन लहान असताना त्यांनी आणि वडिलांनी मिळून सुट्या भागांपासून ट्रॅक्टर बांधला. ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोलाची वाटते. ट्रॅक्टरच्या मागे नांगर लावा, ट्रॉली लावा, पेरणी यंत्र लावा. तो स्वतः काय करतो यापेक्षा त्याला काय काय जोडता येतं यावर त्याची किंमत. असा ट्रॅक्टर बापाबरोबर हाताने जोडलेला मुलगा पुढे स्लॉटचा विचार करतो यात मला तरी सलगता दिसते. हा माझा तर्क आहे, त्यांनी तसं म्हटल्याचा दावा मी करत नाही.

ते कृष्णवर्णीय. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेदाच्या शाळा नुकत्याच कुठे मोडत होत्या तो काळ. वर्गातल्या एका गोऱ्या मित्राने त्यांना विचारलं होतं, तू खरंच काळा आहेस का? कारण काळा मुलगा इतका हुशार असतो हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. पेठेत वाढलेल्या, विणकराच्या घरातून इंजिनिअरिंगला गेलेल्या कुठल्याही मुलाला असा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकू आलेला असतो. अण्णांच्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, मान मात्र हलवली.

१९७९ मध्ये टेनेसी विद्यापीठाची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, १९८० मध्ये आयबीएम. नोकरी करत करत १९८२ मध्ये फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाची मास्टर्स. पुढे इतकं नाव झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन १९९२ मध्ये स्टॅनफर्डची पीएचडी. १९९५ मध्ये ते आयबीएम फेलो झाले. कंपनीतला तांत्रिक लोकांसाठीचा तो सगळ्यात मोठा मान, आणि तो मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑस्टिनच्या प्रयोगशाळेत त्यांच्या टीमने एका सेकंदाला अब्ज ठोके देणारी, म्हणजे एक गीगाहर्ट्झची चिप चालवून दाखवली. २००१ मध्ये नॅशनल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवड झाली. नंतर आयबीएमच्याच अल्माडेन संशोधन केंद्राची जबाबदारी, मग मध्यपूर्व आणि आफ्रिकेसाठी आयबीएमचे तंत्रप्रमुख म्हणून दुबई, आणि २०१३ मध्ये आयबीएम सोडून परत आपल्याच टेनेसी विद्यापीठात प्राध्यापक. जिथून निघाले तिथेच शिकवायला.

दोष कुणाचा

आता या प्रकरणातली अवघड बाजू. ज्या बिघाडाने अण्णांचं काम थांबलं, त्याचं मूळ या रचनेतच आहे. हे झाकून डीन यांचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही.

पहिल्या पीसीच्या बसवर ६२ संपर्क होते. ८ तारा डेटासाठी, २० पत्त्यासाठी, आणि कार्डांनी वाजवायला आयआरक्यूच्या अवघ्या ६ कड्या. १९८४ मध्ये पीसीचं पुढचं, एटी नावाचं मॉडेल आलं. त्याच्या कामात डीन पुढे होते. त्यात मूळ स्लॉटला हात न लावता त्याच्या पुढे ३६ संपर्कांचा एक जादा तुकडा जोडला, त्यामुळे डेटाच्या तारा १६ झाल्या आणि कड्याही वाढल्या. जुनं ८ बिटांचं कार्ड नव्या स्लॉटमध्ये तसंच बसत होतं. ही गोष्ट दिसायला साधी, पण तिच्यामुळे लोकांनी घेतलेली जुनी कार्डं कचऱ्यात गेली नाहीत. अण्णांचं कार्डही ८ बिटांचंच आहे: आखूड, ६२ संपर्कांचं. १९८१ च्या पीसीला जे कळलं असतं तेवढंच ते बोलतं.

पण एक जुनी खोड तशीच राहिली. या बसवर कडी वाजली हे कळतं ते सिग्नल खालून वर चढतो त्या क्षणावरून. नंतर आलेल्या पीसीआयमध्ये सिग्नल खाली धरून ठेवलाय का हे पाहिलं जातं, म्हणून तिथे दोघे-तिघे एक कडी वाटून घेऊ शकतात. आयएसएमध्ये वाटणी चालत नाही. एका कडीला एकच धनी. दोघांनी हक्क सांगितला की एकाचा निरोप हवेत. शिवाय कुणाला कुठली कडी हे यंत्र स्वतः ठरवत नाही, माणसाने जंपर लावून ठरवायचं आणि लक्षात ठेवायचं. अण्णांकडे ते लक्षात ठेवणारी एकच गोष्ट होती: झाकणाच्या आतली चिकटपट्टी.

याच्यावर आयबीएमने स्वतः उपाय काढला होता. १९८७ मध्ये पीएस/२ या नव्या पीसींबरोबर मायक्रोचॅनेल नावाची नवी बस आली. तांत्रिकदृष्ट्या ती सरस होती: कड्यांची वाटणी चालायची, जंपर नव्हते. पण ती वापरायची तर आयबीएमचा परवाना घ्या, पैसे भरा. बाकीच्या कंपन्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. कॉम्पॅक धरून नऊ कंपन्या १९८८ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांनी जुन्याच बसची वाढीव आवृत्ती काढली. तेव्हाच त्या जुन्या बसला इंडस्ट्री स्टँडर्ड आर्किटेक्चर, म्हणजे आयएसए, हे नाव रूढ झालं. डीन आणि मोलर यांनी बनवली तेव्हा तिला हे नावही नव्हतं. सरस पण कुलूप लावलेली वस्तू मागे पडली, आणि उणीव असलेली पण उघडी वस्तू कारखान्या-कारखान्यांत पोहोचली. पंचिंग मशीनचं कार्ड बनवणारा छोटा कारागीर परवाना घ्यायला गेलाच नसता. मायक्रोचॅनेलच जिंकलं असतं तर अण्णा अजून पियानो मशीनवर बोटं दुखवत बसले असते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

म्हणून माझं मत असं: आयआरक्यूचा दोष खरा, पण अण्णांचं काम चार दिवसांत सुरू होऊ शकलं तेही याच रचनेमुळे. पत्ता काय, कडी कुठली, कुठल्या संपर्कावर कुठला सिग्नल, सगळं छापून ठेवलेलं आहे. मशीन बनवणाऱ्याचा पत्ता आज कुणाला माहीत नाही, त्याचं मॅन्युअल हरवलं, तरी एका चिकटपट्टीवरच्या दोन आकड्यांवरून मला पुढची वाट सापडली. आजच्या एखाद्या बंद डब्यासारख्या मशीनचं तीस वर्षांनी असं करता येईल का, याची मला खरोखर काळजी वाटते.

एक गोष्ट सांगायची राहिली. पुठ्ठ्याला भोक पाडून यंत्राला हुकूम द्यायची युक्ती मुळात मागाचीच. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये फ्रान्समध्ये ती पक्की केली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या ॲनालिटिकल इंजिनसाठी तेच पुठ्ठे योजले. अमेरिकेत हरमन होलेरिथने १८९० च्या जनगणनेत भोकांच्या कार्डांवरून माणसं मोजली. त्याची कंपनी १९११ मध्ये इतरांत विलीन झाली आणि त्या एकत्र कंपनीचं नाव १९२४ मध्ये आयबीएम झालं. भोकाच्या कार्डांवर वाढलेल्या कंपनीतल्या तरुणाने आखलेल्या स्लॉटमधलं कार्ड साखर पेठेत पुन्हा मागासाठी पुठ्ठ्याला भोकं पाडतंय. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे उसनं घेतलेलं परत दिलं की त्यांनी.”

चौथा दिवस

मशीन सुरू झालं म्हणून हात झटकून निघणं बरोबर नव्हतं. हार्डडिस्क जुनी, आतून कुरकुर आवाज. अण्णांच्या वडिलांनी हाताने पाडलेल्या नक्षीही मुलीने पुठ्ठे वाचून वाचून त्यात भरलेल्या. त्या गेल्या असत्या तर पुन्हा आणायच्या कुठून? कॅमेऱ्यात वापरतात तसं एक कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीईच्या, म्हणजे जुनी हार्डडिस्क जिथे जोडतात त्या जोडणीच्या, छोट्या ॲडॅप्टरवर बसवलं आणि अख्खी डिस्क त्यावर उतरवली. डॉसला फरक कळला नाही. कळणार तरी कसा? आयडीईचं औपचारिक नाव एटीए, म्हणजे एटी अटॅचमेंट, त्याच १९८४ च्या एटी यंत्राच्या बसचं हे एक अपत्य. हलणारा भाग गेल्यामुळे आवाजही गेला. डिस्कची दुसरी प्रत मुलीच्या लॅपटॉपवर, तिसरी पेनड्राइव्हवर घालून देवघराच्या कपाटात.

जादा मदरबोर्ड म्हणून आयएसए स्लॉट असलेला एक औद्योगिक बोर्ड शोधून ठेवला. कारखान्यांच्या जुन्या मशीनसाठी असे बोर्ड अजून बनतात. महाग असतात, पण नव्या पंचिंग मशीनच्या मानाने काहीच नाही. अण्णांनी तो दिवाळीनंतर घ्यायचं ठरवलं आणि शब्दाप्रमाणे घेतला.

डीन यांनी २०११ मध्ये, पीसीला तीस वर्षं झाली तेव्हा, आपण स्वतः आता टॅबलेट वापरतो आणि पीसी टाइपरायटरच्या वाटेने निघालाय असं लिहिलं होतं. हे मी अण्णांच्या मुलीला सांगितलं तेव्हा तिला जरा वाईट वाटलं. मला नाही वाटलं. नवी कल्पना यंत्रांपेक्षा यंत्रांच्या मधल्या, माणसं भेटतात त्या जागेत फुलते, असंही त्यांनी त्याच लेखात म्हटलं होतं, आणि स्लॉट म्हणजे तरी दोन यंत्रांच्या मधली मोकळी जागाच.

त्या मुलीने आता वेगळंच मनावर घेतलंय. मदरबोर्ड पूर्ण काढून त्याच्या जागी छोटा मायक्रोकंट्रोलर बसवायचा, आणि त्याला जुन्या कार्डाशी १९८१ च्या भाषेत बोलायला शिकवायचं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने हाच विषय घेतलाय. पंचिंग मशीनच्या वरच्या भिंतीवर ६२ संपर्कांचा तक्ता लावलाय, एका बाजूला ए-१ ते ए-३१, दुसऱ्या बाजूला बी-१ ते बी-३१. बी-२३ भोवती लाल पेनने गोल केलाय. तीच ती ५ नंबरची कडी. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा अण्णा पुठ्ठे ओवत होते आणि ती त्या तक्त्यावर चिकटलेली टिकली नखाने काढत होती. कॅबिनेटच्या झाकणात जुन्या चिकटपट्टीखाली आता नवी पट्टी आहे, तिच्या अक्षरात, मराठीत: साउंड बंद ठेवायची, पाच नंबर कार्डाचा, सेल दर दोन वर्षांनी बदलायचा.